बोटीवरच्या मुलाचं स्थळ: गप्पा ऐकल्या, आता विचारायचं काय?

तुमच्या मुलीला बोटीवरच्या मुलाचं स्थळ आलंय. मुलगा मालवाहू जहाजावर थर्ड इंजिनिअर, म्हणजे इंजिन विभागातला अधिकारी, घर कोल्हापुरातलंच. बघण्याचा कार्यक्रम झाल्यावर तो आणि त्याचे बोटीवरचेच तीन मित्र तुम्हाला घेऊन रंकाळ्यावर बसले. वादळाची गोष्ट झाली, चाच्यांची झाली, ब्राझीलच्या बंदराची झाली. मग एकानं सांगितलं की सात महिन्यांनी घरी गेलो तर पोरगं मला ‘काका’ म्हणालं. सगळे हसले, तुम्हीही हसलात, आणि रात्री झोप लागली नाही. यातलं खरं किती आणि मुलगी द्यावी का, असं तुम्ही विचारताय.

मी कोल्हापूरचाच. वडिलांचं शिवाजी उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप होतं. तिथून मेकॅनिकल करून बोटीवर गेलो आणि चीफ इंजिनिअर म्हणून थांबलो. तुमची काळजी मला पुरेपूर कळते, कारण आपल्या गावाला या आयुष्याची सवय नाही. आंबा घाट उतरून रत्नागिरीकडं गेलात की कितीतरी गावांत पिढ्यान्‌पिढ्या माणसं बोटीवर आहेत. तिथल्या मुलीला सासू, आत्या, शेजारीण सांगते की नवरा नसताना घर कसं चालवायचं आणि तो आल्यावर काय काय होतं. आपल्याकडं हे सांगणारं माणूस सहसा घरात नसतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

लग्न करायचं की नाही ते मुलीनं ठरवायचं. तिनं काय विचारून ठरवावं, तेवढं मी सांगू शकतो. माझ्या मते बोट धोक्याची आहे का, हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा की तो नसताना घर खरोखर तिच्या हातात असणार का, आणि हा मुलगा लांबून खरं बोलणारा, खरं ऐकून घेणारा आहे का. बोटीवरच्या माणसांचे जे संसार मी मोडताना पाहिले, त्यांत वादळानं मोडलेला एकही नव्हता.

आधी त्या गप्पांविषयी. त्या खऱ्या असतात. वादळात मेसच्या टेबलावर ओली चादर अंथरतात, म्हणजे ताटं घसरत नाहीत. खुर्च्या जमिनीला बांधतात. झोपताना गादीच्या एका कडेखाली लाइफ जॅकेट सारतात, म्हणजे अंग भिंतीशी टेकून राहतं आणि माणूस लोळत नाही. हे सगळं मी केलेलं आहे. पण इंजिन रूममधला माणूस लाटांना फारसा भीत नाही, तो इंजिन बंद पडण्याला भितो. बोट जोरात हेलकावायला लागली की टाक्यांच्या तळाचा गाळ ढवळून निघतो, इंधनाचे फिल्टर तुंबायला लागतात. मागून लाट उचलते तेव्हा बोट पुढं ढकलणारा पंखा पाण्याबाहेर येतो आणि इंजिन एकदम पळायला बघतं. त्यात ते ट्रिप झालं, म्हणजे आपोआप बंद पडलं, तर बोट लाटांना आडवी होते. थर्ड इंजिनिअरकडं बहुतेक कंपन्यांत जनरेटर आणि बॉयलर असतात. अशा रात्री तो जनरेटरपासून हलत नाही. तर मुलानं वादळाची गोष्ट सांगितली असेल तेव्हा त्यानं स्वतः काय काम केलं हे सांगितलं का, ते आठवून बघा. नुसत्या लाटांची उंची सांगणारा आणि फिल्टर बदलल्याचं सांगणारा, यात मला दुसरा जास्त आवडतो.

चाच्यांचंही खोटं नाही. सोमालियाच्या बाजूला २००८ ते २०११ हा काळ फार वाईट गेला. रेलिंगला काटेरी तार, बंदूकधारी रक्षक, आणि हल्ला झालाच तर सगळ्यांनी आत शिरून कोंडून घ्यायची पोलादी खोली, हे सगळं तेव्हापासून रुळलं. पुढं तिथला त्रास कमी झाला आणि त्या भागाला लावलेला अतिजोखमीचा शिक्का १ जानेवारी २०२३ पासून काढला गेला. पण त्याच वर्षी नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाले. तेव्हा कितीतरी जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, प्रवास दहा-बारा दिवसांनी लांबला. इथं मुलीनं एक नेमका प्रश्न विचारावा: तुझ्या करारात युद्धसदृश भागात जायला नकार देण्याचा हक्क आहे का? आंतरराष्ट्रीय युनियनच्या करारातल्या जहाजांवर तो असतो. नकार देणाऱ्याला कंपनीच्या खर्चानं घरी पाठवावं लागतं. जाणाऱ्याला त्या दिवसांचा जादा पैसा आणि काही बरंवाईट झालं तर दुप्पट भरपाई मिळते. सगळ्याच जहाजांना हा करार लागू नसतो. मुलाला याचं उत्तर माहीत असायला हवं.

बंदरांच्या गोष्टी मात्र फुगतात, आणि त्यात मुलाचा दोष नाही. कट्ट्यावर सहा महिन्यांतली ती एकच संध्याकाळ सांगण्यासारखी असते. कंटेनरचं जहाज बंदरात बहुतेक वेळा एक दिवससुद्धा थांबत नाही. थांबतं तेव्हा इंजिनिअरला इंधन भरून घ्यायचं असतं, स्पेअर पार्ट उतरवून घ्यायचे असतात, तपासणीला आलेल्या माणसाबरोबर फिरायचं असतं. २००४ पासून बंदरांच्या सुरक्षेचे नियम कडक झाले, तसं बाहेर पडणंही अवघड झालं. ‘जावई जग फिरतोय’ असं तुमचे पाहुणे म्हणतील. जगातली बरीचशी बंदरं तो केबिनच्या गोल खिडकीतून बघतो.

या गप्पांत जे येत नाही ते झोपेचं. नियम असा आहे की कोणत्याही चोवीस तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे. ते १० तास दोनपेक्षा जास्त तुकड्यांत विभागता येत नाहीत आणि त्यातला एक तुकडा सलग ६ तासांचा हवा. हल्लीच्या बहुतेक जहाजांवर रात्री इंजिन रूममध्ये कुणी नसतं. इंजिनिअर आळीपाळीनं ड्यूटीवर असतात, अलार्म थेट केबिनमध्ये वाजतो. ठरलेल्या मिनिटांत खाली जाऊन तो स्वीकारला नाही तर सगळ्या इंजिनिअरांना उठवणारा अलार्म वाजतो. एका रात्रीत चार वेळा उठलेला माणूस सकाळी आठला परत बॉयलर सूट घालून, चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उष्म्यात, कानाला मफ लावून उभा असतो. त्यातच जहाज पूर्वेला निघालं असेल तर घड्याळ दर एक-दोन रात्रींनी तासभर पुढं सरकतं, म्हणजे झोपेतला तास आणखी जातो. संध्याकाळी बायकोचा फोन येतो आणि हा दोन शब्दांत उत्तर देतो. नव्या लग्नात सगळ्यात जास्त गैरसमज इथून सुरू होतात. तिला वाटतं, ह्याला माझ्याशी बोलायचंच नाही. त्याला वाटतं, हिला कसं सांगू की माझे डोळे मिटतायत. मी ज्युनिअर मुलांना सांगायचो की थकलेलं असताना फोन करू नका. ‘आज ड्यूटी आहे, उद्या बोलतो’ एवढा मेसेज टाका आणि उद्या खरंच बोला.

फोनवरून आठवलं. आमच्या वेळी पत्र एजंटच्या पत्त्यावर यायचं आणि कधीकधी बोट पुढं गेल्यावर बंदरात पोहोचायचं. आता बऱ्याच जहाजांवर उपग्रहाचं चांगलं इंटरनेट आलंय. सागरी कामगारांच्या आंतरराष्ट्रीय करारात, ज्याला एमएलसी २००६ म्हणतात, झालेल्या दुरुस्तीनुसार २३ डिसेंबर २०२४ पासून जहाजमालकानं शक्य तिथं बोटीवर इंटरनेट द्यावं आणि पैसे लावलेच तर वाजवी लावावेत, असं ठरलंय. ही फार चांगली गोष्ट झाली. पण त्यातून एक नवा त्रास आला. घरातली प्रत्येक कुरबुर आता त्याच दिवशी इंजिन रूममध्ये पोहोचते. सासू-सुनेचं काही झालं की दोघींचे मेसेज येतात आणि तो दहा हजार किलोमीटरवर बसून न्यायाधीश होतो. ज्या घरांत ‘रोजची कुरबुर त्याच्यापर्यंत न्यायची नाही, मोठी गोष्ट लपवायची नाही’ असं आधीच ठरलेलं असतं, ती घरं शांत चालतात. हे ठरवायचं काम लग्नाआधीचं आहे, आणि त्या बैठकीत मुलाची आईही असावी.

मोठी गोष्ट लपवायची नाही, यावर मी अडून बसतो. आपल्याकडं रीतच आहे की ‘तो लांब आहे, त्याला कशाला सांगायचं, जिवाला घोर’. माझ्याबरोबर एक सांगलीकडचा सेकंड इंजिनिअर होता. त्याच्या वडिलांना हृदयविकाराचा झटका आला, अँजिओप्लास्टी झाली, बारा दिवस दवाखान्यात काढले, आणि घरच्यांनी त्याला काहीच सांगितलं नाही. रोज फोनवर ‘बाबा शेताकडं गेलेत’, ‘बाबा झोपलेत’. त्याला संशय आला होताच. आवाजावरून कळतं. तो माणूस दोन आठवडे धड जेवला नाही. शेवटी खरं कळलं तेव्हा वडील घरी आले होते, बरे होते, पण त्याचा घरच्यांवरचा विश्वास गेला तो परत यायला फार काळ लागला. त्यानंतर घरून ‘सगळं बरं आहे’ असं आलं की त्याला ते खरं वाटायचंच नाही. इंजिन रूममध्ये असं मन घेऊन काम करणं धोक्याचं असतं. फिरत्या शाफ्टजवळ, तापलेल्या पाइपाजवळ लक्ष दुसरीकडं असलेला माणूस स्वतःला आणि शेजारच्याला इजा करतो.

म्हणून माझा सल्ला असा. वाईट बातमी सांगायची, पण पद्धतीनं. आधी कंपनीच्या ऑफिसला कळवा; बहुतेक कंपन्यांत कुटुंबांसाठी चोवीस तासांचा नंबर असतो, तो तुमच्या मुलीच्या आणि तिच्या सासूच्या दोघींच्या फोनमध्ये हवा. ऑफिस कॅप्टनला सांगतं, कॅप्टन त्याला केबिनमध्ये बोलावून, बसवून सांगतो. त्याला ड्यूटीवरून सोडतात, चीफ त्याच्यावर लक्ष ठेवतो. इंजिन रूमच्या शिडीवर उभा असताना मोबाइलवर बातमी वाचण्यापेक्षा हे शंभरपट बरं. घरी जायचं म्हटलं तर पुढच्या सोयीच्या बंदरातून जाता येतं, पण जहाज पॅसिफिकच्या मधोमध असेल तर ते बंदर दहा-पंधरा दिवसांवर असतं. हे कठोर सत्य तुमच्या मुलीला आणि मुलाच्या आईवडिलांना आताच माहीत असलं पाहिजे. पंचगंगेच्या घाटावर अग्नी चुलतभावानं दिला आणि मुलगा तेराव्यालाही पोहोचला नाही, असं आमच्यातल्या एकापेक्षा जास्त घरांत झालं आहे. त्या वेळी घराचा आधार सूनच असते. ज्या घरांनी हे आधी बोलून ठेवलं होतं, तिथं निदान दोषारोप झाले नाहीत.

त्याच्या स्वतःच्या आजारपणाचंही सांगतो. मालवाहू जहाजावर डॉक्टर नसतो. नियमानुसार तो शंभर किंवा जास्त माणसांच्या, तीन दिवसांहून लांबच्या सफरीवरच सक्तीचा आहे, आणि आमच्या बोटीवर असतात वीस-पंचवीस माणसं. औषधपाणी बहुधा सेकंड ऑफिसर बघतो, त्याला तसं प्रशिक्षण असतं, आणि किनाऱ्यावरच्या डॉक्टरांचा सल्ला मिळतो. रोमचं एक केंद्र १९३५ पासून सगळ्या देशांच्या जहाजांना असा सल्ला फुकट देतंय. दात आणि पोट, ही दोन दुखणी जॉइनिंगच्या आधी किनाऱ्यावर निस्तरून जावीत, एवढं बायकोनं बघितलं तरी पुष्कळ.

आता घराकडं येतो, कारण तुमच्या मुलीचं आयुष्य तिथं जाणार आहे.

ऑगस्ट २०१९ चा पूर तुम्ही पाहिलाय. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला, दूध-पेट्रोलची टंचाई झाली. माझ्या एका मित्राचं घर दुधाळीत. तो तेव्हा बोटीवर होता, त्याच्या बोटीवरचं नेट दोन दिवस बंद होतं. त्याच्या बायकोनं सासऱ्यांना खांद्याचा आधार देऊन शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर नेलं. घराची कागदपत्रं, त्याची सर्टिफिकेटं, सासऱ्यांच्या गोळ्या एका पिशवीत भरल्या आणि गाडी अंबाबाईच्या देवळाकडच्या चढावर कुणाच्या तरी बोळात नेऊन लावली. पाणी ओसरल्यावर चिखल काढण्यापासून विम्याच्या सर्व्हेअरशी भांडण्यापर्यंत सगळं तिनं केलं. तीन महिन्यांनी हा घरी आला. पहिला आठवडा पाहुण्यासारखा गेला. दुसऱ्या आठवड्यात यानं विचारायला सुरुवात केली: भिंतीला हा रंग का दिला, प्लंबरला एवढे पैसे कशाला दिले, गाडी त्या गॅरेजला का टाकली. ती काही बोलली नाही. चार दिवसांनी माझ्या बायकोकडं येऊन रडली. म्हणाली, ‘वैनी, पाणी घरात शिरलं तवा मी एकटी हुतो, आन आता रंगाचा हिशोब मला मागतंयत.’

हा मित्र वाईट माणूस नाही. बोटीवर त्याच्या हाताखाली आठ माणसं असतात, प्रत्येक पान्याचा हिशोब असतो, आणि तो तीच सवय घेऊन घरात शिरला. घर त्याच्याशिवाय चालायला शिकलं होतं आणि हे त्याला सोसत नव्हतं. बोटीवरच्या जवळपास प्रत्येक नवऱ्याला ही वेळ येते. मी तरुणांना सांगतो की घरी आल्यावर पहिले पंधरा दिवस कुठल्याही ठरलेल्या गोष्टीला हात लावू नका. भाजी आणा, आईला देवळात न्या, गंगावेशीत जाऊन धारोष्ण दूध प्या, शाहू स्टेडियमवर फुटबॉल बघा. मग बायकोला विचारा की माझ्यासाठी कुठलं काम ठेवलंयस. तुमच्या मुलीनं त्या मुलाला हे थेट विचारावं: मी घेतलेला निर्णय तुला आवडला नाही तर तू काय करशील? लगेच गोड उत्तर देणाऱ्यापेक्षा थोडा थांबून बोलणाऱ्याचं उत्तर मी जास्त मनावर घेईन.

अधिकार नुसता तोंडी नको, कागदावरही हवा. संयुक्त बँक खातं, विम्यावर आणि फंडावर वारस म्हणून तिचं नाव, गरजेपुरतं मुखत्यारपत्र. नाहीतर साध्या सोसायटीच्या कागदावर सही हवी म्हणून सहा महिने काम अडतं आणि प्रत्येक वेळी दिराच्या मागं लागावं लागतं. पगाराचा ठरावीक भाग थेट घरच्या खात्यावर पाठवायची सोय एमएलसीनुसार मालकानं द्यावीच लागते. आम्ही त्याला अलॉटमेंट म्हणतो. ती कुणाच्या नावावर जाणार, आईच्या की बायकोच्या, यावरून मी भावाभावांत अबोला झालेला पाहिलाय. दोघींना वेगवेगळी रक्कम ठरवून देणं हा सगळ्यात सरळ मार्ग, आणि तो लग्नाआधी सगळ्यांसमोर ठरावा.

‘काका’ म्हणणाऱ्या मुलाविषयी. तो हसत सांगत होता, पण त्या दिवशी तो हसला नसणार. दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या दृष्टीनं सहा महिने म्हणजे आयुष्याचा तिसरा-चौथा हिस्सा. फोनच्या काचेतला चेहरा आणि दारात उभा असलेला दाढीवाला माणूस यांची सांगड त्याला लगेच घालता येत नाही. इथं आजी-आजोबांची घाई नडते. ‘अरे पप्पा हायत तुझे, जा की!’ म्हणत पोराला त्याच्या मांडीवर ढकलतात, पोर रडतं आणि बाप खचतो. त्यापेक्षा बापानं जमिनीवर बसून आपलं आपण काहीतरी करत राहावं, पोर स्वतः येतं. झोपताना ऐकायला बापाच्या आवाजातल्या छोट्या गोष्टी रेकॉर्ड करून ठेवल्या तर खूप फरक पडतो. चेहऱ्यापेक्षा आवाज मुलांच्या जास्त लक्षात राहतो, असा आमच्या घरांतला अनुभव आहे.

पैशाचं आता. बोटीवरचा पगार ऐकून लोक हरखतात, पण अनेक कंपन्यांत तो फक्त कराराच्या महिन्यांत मिळतो. करारानंतर रजेचे पैसे मिळतात, मग पुढच्या जॉइनिंगपर्यंत काही नाही. अधिकाऱ्यांचा करार साधारण चार ते सहा महिन्यांचा, खलाशांचा त्याहून लांब. वर्षाचं उत्पन्न काढताना बारानं गुणू नका. परदेशी जहाजावर असेल आणि आर्थिक वर्षातला भारतातला मुक्काम १८२ दिवसांपेक्षा कमी भरला तर त्या पगारावर इथं आयकर लागत नाही. दिवसांची मोजणी सीडीसी या नाविकाच्या पुस्तिकेतल्या साइन ऑन आणि साइन ऑफच्या, म्हणजे बोटीवर रुजू झाल्याच्या आणि उतरल्याच्या, तारखांवरून होते. म्हणून मार्चच्या तोंडावर काहीजण चार दिवस जास्त बोटीवर राहतात. बायकोला हे आधी माहीत असलं म्हणजे ‘पाडव्याला येतो म्हणाला आणि आला नाही’ यावरून भांडण होत नाही. पेन्शन नाही, तेव्हा टर्म इन्शुरन्स आणि बचत पहिल्या वर्षापासून हवी. आणि मोठ्या बंगल्याचं कर्ज लगेच नको. हप्त्यासाठी करार वाढवून घेणारे, आणि मग मुलांचं बालपण फोनवर बघणारे, मी खूप पाहिले.

तो थर्ड इंजिनिअर आहे म्हणजे क्लास फोर ही परीक्षा पास झालेला आहे. सेकंड व्हायला क्लास टू आणि चीफ व्हायला क्लास वन, या परीक्षा पुढं आहेत. त्यांचे वर्ग आणि तोंडी परीक्षा रजेच्या काळातच येतात, आणि कोर्ससाठी बहुतेकांना मुंबई-पुण्यात मुक्काम करावा लागतो. म्हणजे लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत तो रजेवर असला तरी काही महिने पुस्तकातच असणार, आणि त्या महिन्यांत पगारही नसतो. मुलीची स्वतःची नोकरी असेल तर ती सोडायला लावू नका. बोटीवरच्या माणसांच्या ज्या बायका नोकरी-व्यवसायात आहेत, त्यांचे मधले महिने फार वेगळे जातात. नुसती वाट बघत बसणं जड जातं.

कागदपत्रं बिनसंकोच मागा. सीडीसी, योग्यतेचं प्रमाणपत्र, शेवटचा करार. त्याला ज्या कंपनीनं बोटीवर पाठवलं तिच्याकडं भरतीचा परवाना आहे का, हे डीजी शिपिंग या सरकारी जहाज वाहतूक खात्याच्या संकेतस्थळावर बघता येतं. नोकरी लावायला नाविकाकडून पैसे घेणं नियमाविरुद्ध आहे. ‘एजंटला अमुक लाख दिले’ असं घरातलं कुणी सहज बोलून गेलं तर सावध व्हा. जहाजमालकानं बोट वाऱ्यावर सोडली तर नाविकांना घरी आणायचा खर्च आणि चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार भरून देणारी हमी २०१७ पासून जहाजावर असावी लागते. त्या हमीचं प्रमाणपत्र बोटीवर सगळ्यांना दिसेल असं लावलेलं असतं. मुलानं ते पाहिलंय का, विचारा.

त्या तीन मित्रांपैकी ज्याचं लग्न झालंय, त्याच्या बायकोला तुमच्या मुलीनं एकटीनं भेटावं. तुम्ही नको, मुलगा नको. दोघींनी दुपारभर बोलावं. मी इथं लिहिलंय त्यातलं निम्मं मला माझ्या बायकोनं शिकवलेलं आहे, आणि जे बायका एकमेकींना सांगतात ते आमच्यापर्यंत पोहोचतच नाही. पुढं जमलं तर तिनं एकदा नवऱ्याबरोबर बोटीवर जाऊन यावं. बऱ्याच कंपन्या अधिकाऱ्यांच्या पत्नीला नेऊ देतात. कुठल्या हुद्द्यापासून आणि कुठल्या जहाजावर ते कंपनीवर असतं. माझी बायको पहिल्यांदा आली तेव्हा तिसऱ्या रात्री केबिनमध्ये अलार्म वाजला, मी उठून गेलो आणि पहाटे तेलानं माखून परत आलो. त्यानंतर फोनवरचं माझं ‘थकलोय’ तिला कधी समजावून सांगावं लागलं नाही.

आणि जमलंच, तर तारखेचं. तो बोटीवर असताना ‘डिसेंबरात येतोय’ या भरवशावर कार्यालय बुक करू नका. करार संपला तरी रिलीव्हर, म्हणजे त्याच्या जागी येणारा माणूस, यावा लागतो, बंदर बदलतं, व्हिसा अडतो. २०२० मध्ये तर महामारीमुळं जगभरातले सुमारे चार लाख नाविक करार संपूनही बोटीवर अडकले होते. तो घरी पोहोचला, की पुढं निदान तीन आठवड्यांनंतरचा मुहूर्त काढा. लग्नाची नोंदणी त्याच आठवड्यात उरका, कारण तिच्या व्हिसाला आणि कंपनीतल्या वारसाच्या नोंदीला ते प्रमाणपत्र लागतं, आणि त्याचं पुढचं जॉइनिंग कधी येईल ते सांगता येत नाही.